दोन हजार दोनशे शहाण्णवची रोटी

माझ्या लग्नात मला जी रोटी खायला घातली तिच्यावरचा आकडा चुकीचा होता. आज हे मी हसत सांगतो. त्या दिवसांत आमच्या घरात हसायची कुणाची टाप नव्हती.

आमच्या मराकुश शहरात लग्नाच्या दिवशी दोन रोट्या वेगळ्या भाजतात. एकीवर दोनशे वीसचा शिक्का, दुसरीवर दोनशे चौऱ्याऐंशीचा. लहान आकड्याची रोटी नवरी खाते, मोठ्या आकड्याची नवरा. हे दोन आकडे एकमेकांचे सोबती आहेत. दोनशे वीसला ज्या ज्या लहान आकड्यांनी पुरता भाग जातो ते सगळे घ्यायचे: एक, दोन, चार, पाच, दहा, अकरा, वीस, बावीस, चव्वेचाळीस, पंचावन्न आणि एकशे दहा. मिळवले की होतात दोनशे चौऱ्याऐंशी. आता दोनशे चौऱ्याऐंशीचे तसेच मिळवा, एक, दोन, चार, एकाहत्तर, एकशे बेचाळीस. झाले परत दोनशे वीस. म्हणजे तिच्या पोटात जे आहे त्याचा तो होतो आणि त्याच्या पोटात जे आहे त्याची ती. शिकलेले लोक या पोटातल्या आकड्यांना हिस्से म्हणतात. हे सगळं मला लग्नानंतर कळलं. त्याआधी माझा आकड्यांशी संबंध चुन्याच्या पोत्यांपुरता.

मी गिलावा करतो. हमामाच्या, म्हणजे गावच्या न्हाणीघरांच्या भिंती, पाण्याच्या टाक्या, श्रीमंतांच्या बसायच्या खोल्या. चुना लावायचा, नदीतल्या गोट्याने घोटायचा, काळा साबण चोळायचा, परत घोटायचा, भिंतीला पाणी शिवेनासं होईपर्यंत. सीदी यखलफ यांच्या घरची टाकी गळत होती म्हणून मला बोलावणं आलं. मी टाकीत उतरून घोटत बसलेला आणि वर काठाशी त्यांची मुलगी इज्जा उभी. तिने टाकीकडे नुसतं बघून आत किती पखाली पाणी मावेल ते सांगितलं. मी म्हटलं, जेवढं मावायचं तेवढं मावेल, मला काय करायचंय. ती हसली. मग ती टाकी जरा जास्तच वेळ दुरुस्त होत राहिली.

सीदी यखलफ मदरशात हिशेब शिकवायचे. शहरात कुणी गेलं की वारसांचे वाटे पाडायला त्यांनाच बोलवत. बायको लवकर गेली, मुलीला त्यांनीच वाढवलं आणि तिला धुळीच्या पाटीवर सगळं गणित शिकवलं, जे शेजारणींना मुळीच पसंत नव्हतं. माणूस मनाचा मोठा. पण त्यांच्या मानाला एक दुखरी जागा होती. सुलतानाने दरबार फास शहरात नेला, त्यामागोमाग विद्वानही गेले, आणि फासचे लोक मराकुशला राहिलेल्यांना उरलेसुरले समजायला लागले. हे त्यांच्या फार जिव्हारी लागलेलं होतं.

माझ्या आईची गोष्ट वेगळी. तिचं नाव गानिया; पुरुषाला मानाने सीदी म्हणतात तसं तिला लोक लाल्ला म्हणत. माझा बाप मिठाच्या काफिल्याबरोबर दक्षिणेला गेला आणि तिकडेच दुसरा संसार थाटून बसला. मी तेव्हा रांगतही नव्हतो. आईने त्याला कधी दोष दिला नाही, दोष दिला भट्टीवाल्याला. तिच्या लग्नातली मोठ्या आकड्याची रोटी भट्टीत जास्त फुगली, शिक्क्यातला चार पसरट झाला, म्हणून नवऱ्याच्या पोटात भलताच आकडा गेला आणि म्हणून तो गेला. हे ती कुणालाही सांगायची, आणि त्या भट्टीवाल्याच्या घराण्याकडे तिने आयुष्यात परत रोटी भाजायला पाठवली नाही. माझं लग्न ठरलं तेव्हा तिची एकच अट होती, आकडा नीट उमटला पाहिजे.

सीदी यखलफ यांना मात्र मुळात तो आकडाच नको होता.

"दोनशे वीस आणि दोनशे चौऱ्याऐंशी खाटकाच्या पोराच्या लग्नातही असतात," ते आईला म्हणाले. "सगळ्या गावाने चघळलेला उष्टा आकडा माझ्या मुलीने खायचा? मी नवी जोडी काढतो, लाल्ला गानिया. कुणीही न खाल्लेली."

आईने विचारलं, नवी जोडी चालते का. ते म्हणाले, धावते.

जोडी काढायची रीत अशी. तीन घ्यायचे आणि दुप्पट करत जायचं: तीन, सहा, बारा, चोवीस, अठ्ठेचाळीस. यातले शेजारचे दोन उचलायचे. समजा सहा आणि बारा उचलले. दोघांतून एकेक काढला की पाच आणि अकरा. मग बारा सक बहात्तर, त्यातूनही एक काढला की एकाहत्तर. हे तिन्ही आकडे एकटे असले पाहिजेत, म्हणजे एक सोडून दुसऱ्या कुठल्याही लहान आकड्याने त्यांना भाग जाता कामा नये. तसे ते असले तर त्यांच्यातून सोबत्यांची जोडी निघते; दोनशे वीसची जोडी याच तिघांतून निघाली आहे: पाच अकरे पंचावन्न, त्याची चौपट दोनशे वीस, आणि एकाहत्तरची चौपट दोनशे चौऱ्याऐंशी. सीदी यखलफ यांनी पुढचे दोन उचलले, बारा आणि चोवीस. त्यांतून आले अकरा, तेवीस आणि दोनशे सत्त्याऐंशी.

अकरा एकटा, तेवीस एकटा, त्यात काही बघायचं नव्हतं. दोनशे सत्त्याऐंशीला त्यांनी आपल्या पद्धतीने तपासलं. आमचे हिशेबनीस कुठलाही आकडा झाडून घेतात: नऊने झाडायचा, आठने झाडायचा, शेवटी सातने झाडायचा आणि काय उरतं ते बघायचं. नऊची झाडणी पोरंही करतात, आठची जरा कमी पोरं करतात, आणि सातची इतकी किचकट की भलेभले ती मागे ठेवतात. त्या दिवशी नऊने झाडून आठ उरले, आठने झाडून सात उरले. अकराने एक उरला, तेरानेही एक उरला. सातचं करायचं तेवढ्यात मुअज्जिनने हाक दिली. ते नमाजला गेले, परत आले ते सातची झाडणी केली असं समजून. मग त्यांनी जोडी मांडली, या खेपेला चौपटीऐवजी आठपट करून. लहान आकडा दोन हजार चोवीस, मोठा दोन हजार दोनशे शहाण्णव. लहानाचे हिस्से मिळवून बघितले. बरोबर दोन हजार दोनशे शहाण्णव. त्यांनी पाटी झटकली आणि सुताराकडे शिक्के कोरायला निरोप धाडला.

लग्न थाटात झालं. आई नवऱ्या मुलाची आई असूनही मिरवायचं सोडून नव्या भट्टीवाल्याच्या दाराशी ठाण मांडून बसली, रोट्या बाहेर येईपर्यंत. आकडे एवढे ठसठशीत उमटले होते की ती रोट्या उघड्याच हातात घेऊन गल्लीतून चालत आली. मी दोन हजार दोनशे शहाण्णव खाल्ला, इज्जाने दोन हजार चोवीस. सीदी यखलफ प्रत्येक पाहुण्याला धरून जोडी समजावत होते. काझींनी ती दोनदा समजून घेतली आणि तिसऱ्यांदा कुसकुसचं ताट पुढे ओढलं.

नंतरचे दिवस सुखाचे होते. इज्जाचं आणि आईचं जमलं. आई तिला बदाम वाटायला बसवायची, आणि ती वाटता वाटता मनात काहीतरी मोजत बसली की आई म्हणायची, "सूनबाई, बदाम किती आहेत ते नको सांगू, वाटून झाले का ते सांग." एवढंच काय ते वाजायचं.

मग एके दिवशी दुपारी शेजारीण आली. तिच्या मुलीचं लग्न ठरलं होतं आणि तिलाही नवीच जोडी हवी होती. जाता जाता ती म्हणाली, सीदी यखलफ यांचं काय बाई भाग्य, येत्या शुक्रवारी फासचे विद्वान येणार आहेत आणि मदरशात त्यांच्यासमोर ते ही जोडी मांडणार आहेत. हे आम्हाला ठाऊक होतं. सासरेबुवा त्या शुक्रवारची वाट पोरासारखी बघत होते.

मी तेव्हा वरच्या खोलीत गिलावा करत होतो. आमचीच खोली, म्हणून सगळ्यांत शेवटी हाती घेतलेली. इज्जा वर आली, म्हणाली, शेजारणीला सांगायचंय तर एकदा स्वतः मांडून बघते. मी नुकताच लावलेला चुना ओला होता. तिने बोटाने त्यावरच लिहायला सुरुवात केली. मी ओरडलो, ती भिंत आहे, पाटी नाही. ती म्हणाली, तू परत घोटशीलच की.

तिने दोनशे सत्त्याऐंशी लिहिला आणि सातची झाडणी आधी केली. तिची ती सवयच, अवघड ते आधी. मग तिचं बोट भिंतीवर तसंच राहिलं.

"काय झालं?" मी विचारलं.

"एक्केचाळीस सत्ते दोनशे सत्त्याऐंशी," ती म्हणाली.

मला काय कळणार. मी म्हटलं, छान झालं की. तिने माझ्याकडे असं बघितलं की मी गोटा खाली ठेवला. मग तिने मला सगळं समजावलं, जे मी वर तुम्हाला सांगितलं. दोनशे सत्त्याऐंशी एकटा नाही, त्याच्या पोटात सात आणि एक्केचाळीस दडलेले आहेत, आणि म्हणून माझ्या आकड्याच्या पोटात बाबांनी मोजलेच नाहीत असे हिस्से आहेत. तिने ते भिंतीवर एकाखाली एक मांडले: एक, दोन, चार, आठ. सात, चौदा, अठ्ठावीस, छप्पन्न. एक्केचाळीस, ब्याऐंशी, एकशे चौसष्ट, तीनशे अठ्ठावीस. दोनशे सत्त्याऐंशी, पाचशे चौऱ्याहत्तर, अकराशे अठ्ठेचाळीस. बेरीज दोन हजार सातशे चव्वेचाळीस.

"यायला किती हवी होती?"

"दोन हजार चोवीस. म्हणजे मी. माझे हिस्से मिळवले की तू होतोस. तुझे मिळवले की मी होत नाही."

मला घाम फुटला, खोटं कशाला बोलू. आकड्यांवर माझा फारसा विश्वास नव्हता, पण आपल्या पोटात गेलेल्या गोष्टीबद्दल माणूस हळवा असतो. आणि त्याहून जास्त मला आईची भीती वाटली. तिला कळलं असतं तर तिने उरलेलं आयुष्य मी कधी निघून जातो याची वाट बघत काढलं असतं. मी म्हटलं, गप्प बसू. भिंत घोटून टाकतो, कुणाला कळतंय.

इज्जा म्हणाली, फासच्या लोकांना कळेल. त्यांच्यातला एखादा तरी सातने झाडून बघेल, आणि बाबा भर मदरशात उभे असतील. त्यांना ते झेपणार नाही. हे म्हणताना तिला रडू आलं. ती फार क्वचित रडते. सांगावं तर माझी आई कोसळणार, न सांगावं तर तिचे वडील. त्या रडण्यापुढे माझा शहाणपणा चालेना. मी म्हटलं, बोलावतो त्यांना, म्हणतो गिलावा बघायला या.

सीदी यखलफ आले, खुशीत होते. जिना चढतानाच त्यांनी मला शुक्रवारी काय काय बोलणार ते ऐकवलं. खोलीत पाय टाकला आणि भिंतीकडे लक्ष गेलं. आम्हाला काही बोलावंच लागलं नाही. त्यांनी आधी बेरीज वाचली, मग वरचे हिस्से, मग सगळ्यांत वरचा एक्केचाळीस आणि सात. मग माझा गोटा उचलून त्याच्या टोकाने एकेक आकडा पुन्हा शिवत गेले. त्यांचा चेहरा बघवत नव्हता. मी खिडकीकडे बघत उभा राहिलो.

शेवटी ते खाली चुन्याच्या पोत्यावर बसले.

"मी फक्त तुझी बाजू मिळवून बघितली," ते इज्जाला म्हणाले. "तुझं सगळं त्याच्यापर्यंत पोचतंय एवढं दिसलं आणि मला भरून आलं. पुढे बघितलंच नाही. मुलीच्या बापाने खरं तर दुसरी बाजू आधी बघायची असते."

इज्जा त्यांच्या पायाशी बसली. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, तो चुन्याने भरलेला, आणि तिचे केस पांढरे झाले. कुणाला ते पुसायचं सुचलं नाही.

आणि नेमकी तेव्हा आई वर आली. व्याह्यांसाठी ताक घेऊन आली होती. तिने भिंत बघितली, तिला वाचता येत नव्हतं, पण माणसं वाचता येत होती. काय झालंय, तिने विचारलं. मी म्हटलं, काही नाही. तिने माझ्याकडे लक्षच दिलं नाही, इज्जाला विचारलं. इज्जाने सरळ सांगून टाकलं: रोटीवरचे आकडे सोबती नव्हते.

ताकाचं भांडं आईने नीट खाली ठेवलं.

"माझ्या पोराचा आकडा कमी पडतो?"

"नाही, लाल्ला. जास्त होतो."

"किती?"

"सातशेवीस."

मला वाटलं, सुटलो. जास्त म्हणजे चांगलंच की. सीदी यखलफ यांनाही तसंच वाटलं असावं, ते जरा सावरून बसले आणि म्हणाले, "लाल्ला गानिया, पोरगं उणं नाही, वरचढ आहे."

"जास्तीचं कुठे जातं, सीदी?" आईने विचारलं. "त्याच्या बापाचंही जास्तच होतं. मला पुरून उरलं, आणि उरलेलं तो घेऊन गेला."

इतक्या वर्षांत पहिल्यांदाच तिने भट्टीवाल्याचं नाव घेतलं नव्हतं. ती खाली गेली. मग सीदी यखलफ उठले, बाह्या सारल्या आणि म्हणाले, चुकलेलं मोडता येत नाही, पुढचं नीट करू. चोवीस आणि अठ्ठेचाळीस उचलू.

दुसऱ्या भिंतीला मी ताजा चुना लावून दिला. चोवीस आणि अठ्ठेचाळीसातून आले तेवीस आणि सत्तेचाळीस, दोघेही एकटे. तिसरा आला अकराशे एक्कावन्न. हा एकटा आहे की नाही यावर सगळं अडलेलं. या खेपेला सातने आधी झाडलं, तीन उरले. मग अकरा, तेरा, सतरा, एकोणीस. तेवीसशी आले आणि दोघंही थबकले, कारण तेवीस पन्नास अकराशे पन्नास, एकाने वाचला. मग एकोणतीस, एकतीस. त्यापुढे बघायची गरज नाही म्हणे, का ते मला समजावलं होतं, मी विसरलो. अकराशे एक्कावन्न एकटा निघाला. त्या तिघांतून, आता सोळापट करून, जोडी उभी राहिली: सतरा हजार दोनशे शहाण्णव आणि अठरा हजार चारशे सोळा. लहानाचे हिस्से बापाने मिळवले, मोठ्याचे लेकीने, दोघं पाठीला पाठ लावून, एकमेकांचं न बघता. मग वळून एकमेकांच्या बेरजा वाचल्या. लहानातून मोठा आला होता, मोठ्यातून लहान. मला गणित कळत नसूनही त्या वेळी फार आनंद झाला. इतके मोठे दोन आकडे, आणि एकमेकांच्या पोटातून असे तंतोतंत निघतात, कुणी ठरवून दिलेलं नसताना.

शुक्रवारी मी मदरशाच्या दाराशी, चपलांजवळ उभा होतो. सीदी यखलफ उभे राहिले आणि आधी चुकलेली जोडी मांडली. तिच्यात चूक कुठे आहे ते स्वतःच दाखवलं, सातची झाडणी राहिली होती हेही सांगितलं, आणि ती चूक आपल्या मुलीने धरली असं म्हणाले. फासच्या लोकांत जरा कुजबुज झाली. मग त्यांनी नवी जोडी मांडली. फासचे एक म्हातारे विद्वान पुढे आले, त्यांनी अकराशे एक्कावन्न स्वतः झाडून बघितला, आणि तेवीसशी आल्यावर तेही थबकले. शेवटी ते एवढंच म्हणाले, मुलीला माझा सलाम सांगा. सासरेबुवा घरी येताना वाटेत तीन ओळखीच्यांना थांबवून ते वाक्य ऐकवत होते.

आता आईचं राहिलं होतं. तिने त्या दिवसांत माझ्याशी धड बोलणं टाकलं होतं. मी कामाला निघालो की दारापर्यंत यायची, कुठल्या गल्लीत काम आहे ते विचारायची, आधी कधीच विचारत नसे. मला राग यायचा आणि वाईटही वाटायचं. आकड्याचा उपाय आकड्यानेच, म्हणून सीदी यखलफ यांनी नवे शिक्के कोरून घेतले. पुढच्या शुक्रवारी जुम्म्याच्या नमाजानंतरच्या जेवणाला ते स्वतः दोन ताज्या रोट्या घेऊन आले, एकीवर सतरा हजार दोनशे शहाण्णव, दुसरीवर अठरा हजार चारशे सोळा. इतके लांब आकडे की रोटीच्या या काठापासून त्या काठापर्यंत गेलेले.

आईने दोन्ही रोट्या उजेडात धरून बघितल्या. मग लहान आकड्याची इज्जापुढे ठेवली, मोठ्याची माझ्यापुढे.

"खा," ती म्हणाली. "आधीचं पुसलं जाईल."

मी हात पुढे केला. इज्जाने केला नाही.

"मी नाही खाणार, लाल्ला," ती म्हणाली.

सीदी यखलफ यांनी तिच्याकडे डोळे वटारले. आईचा चेहरा उतरला. मला वाटलं आता घरात पेटणार.

"ही जोडी खरी आहे, मीच तपासली," इज्जा म्हणाली. "ही खाल्ली की तो मला माझ्यापुरतंच देईल. ना कमी ना जास्त. मग उरणार काही नाही."

"तेच तर हवंय मला," आई म्हणाली. "उरायलाच नको. उरलेलं कुठे जातं ते मी बघितलंय."

"मीही बघितलंय. रोज बघते. सुलतानाचा मुकादम याला फासच्या वाड्याच्या कामाला न्यायला आला होता, दुप्पट मजुरी देत होता. हा गेला नाही. हातात घेतलेला हमाम गावाच्या दुसऱ्या टोकाला असला तरी हा दुपारचा जेवायला घरी येतो, आणि माझ्यासाठी येतो असं मला सुरुवातीला वाटलं होतं. आल्यावर आधी तुमच्या खोलीत डोकावतो. लग्नाआधीही हेच करत होता, शेजारणीने सांगितलं." तिने रोटी हलकेच आईकडे सरकवली. "ते सातशेवीस तुमचे आहेत, लाल्ला. ते मी पुसू देणार नाही."

मी खाली मान घालून बसलो. हे सगळं माझ्यासमोर बोलायची काही गरज नव्हती, मला फार अवघडल्यासारखं झालं. आईने माझ्याकडे बघितलं. कितीतरी वेळ बघितलं, गिलाव्यात कुठे भेग आहे का ते मी बघतो तसं. मग तिने अठरा हजार चारशे सोळाची रोटी उचलली आणि बरोबर आकड्याच्या मधोमध मोडली. एक तुकडा सीदी यखलफ यांना दिला, एक मला, एक मधात बुडवून इज्जाच्या तोंडाशी धरला. दुसरीही मोडली.

"गार होतेय," ती म्हणाली. "रोटीच आहे, खा."

आणि स्वतःसाठी तिने सगळ्यांत मोठा तुकडा ठेवून घेतला.